निळ्या गाडीचा पंप

सोमवार, ४

पोचले एकदाची! गॅरेजच्या मालकांना सगळे दादा म्हणतात. त्यांनी स्वतः माझ्या दोन्ही बॅगा उचलून माडीवर आणल्या आणि धापा टाकत विचारलं, यात कपडे आहेत की इंजिन? त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचं ठरवलं. गाड्यांचं रंगकाम त्याच करतात. त्यांच्या नखांतला लाल रंग मला नेलपॉलिश वाटला, तर पोट धरून हसल्या. खोली लहान आहे, पण खिडकीतून रस्ता दिसतो आणि गादी मऊ आहे. गाड्यांच्या कंपनीतली नोकरी गेल्यापासून चार महिने ताईकडे बसून तिची बोलणी खाल्ली. आज तिला फोनवर सांगितलं, लागले बाई कामाला, आता सुखाने झोप.

मंगळवार, ५

काम समजलं. थंड इंजिन सुरू झालं की पहिली काही मिनिटं त्याचा धूर जास्त विषारी असतो. तो जळून जावा म्हणून काही गाड्यांत एक छोटा पंप धुराच्या वाटेत ताजी हवा फुंकतो. पंप बिघडला की नवा परवडत नाही. दादा तो काढूनच टाकतात आणि भोकांवर झाकणं बसवतात. पण मग गाडीचा कॉम्प्युटर बोंब मारतो, समोर पिवळा दिवा लागतो. कॉम्प्युटरला तो पंप विसरायला लावायचा, हे माझं काम. नियमात बसत नाही, कळतं मला. पण चार महिने घरी बसलं की नियम जरा धूसर दिसायला लागतात. दादांनी माझं नावही ठेवलंय: दिवेबाई.

शुक्रवार, ८

एका शाळेतल्या बाई आपली निळी गाडी घेऊन आल्या. पंप बिघडलेला, दादांनी तो काढून झाकण बसवलं. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. मी लॅपटॉप जोडला तशी ती शेजारी येऊन बसली आणि विचारायला लागली, गाडी आजारी आहे का? मी म्हटलं, आता बरी होईल. तासाभरात दिवा विझला. बाईंनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले.

मंगळवार, १२

बाई परत आल्या. म्हणाल्या, गाडीत बसलं की डोकं धरतं, पोरगी काल दोनदा ओकली. दादांनी गोड बोलून वाटेला लावलं: नव्या झाकणाचा वास आहे, चार दिवसांत जाईल. मी तेवढ्यात बॉनेट उघडून पाहिलं होतं. झाकण जाड पोलादाचं नाही, डब्याच्या पत्र्याचं. तडकलंय, भोवती काजळी धरलीय. धूर तिथूनच गाडीत शिरत असणार.

बाई गेल्यावर मी दादांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझं डावं मनगट धरलं आणि पंजा समोरच्या गाडीच्या तापलेल्या सायलेन्सरवर दाबला. मी किंचाळले. त्यांनी मनातल्या मनात आकडे मोजल्यासारखे ओठ हलवले आणि मग सोडलं. म्हणाले, झाकणं माझं काम, दिवे तुझं.

वहिनींनी मलम लावलं, फुंकर घातली. त्यांच्या दंडावर असेच भाजल्याचे डाग आहेत. त्या म्हणाल्या, उलट बोलू नये गं, त्यांना चालत नाही.

बुधवार, १३

सकाळी बॅगा भरल्या. निघण्याआधी बाईंना कळवावं म्हणून त्यांचा नंबर लावला. घंटी वाजत होती. पलीकडून हॅलो ऐकू आलं, त्या मुलीचा आवाज. तेवढ्यात मागून हात आला. दादांनी फोन टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात ठेवला, माझी डावी करंगळीही ठेवली, आणि दांडा फिरवला. काच आधी फुटली. मग हाड.

आता मी मागच्या सामानाच्या खोलीत आहे. खिडकी नाही. लोखंडी दार, खाली चार बोटांची फट, कडीपाशी एक भोक. ही डायरी एप्रनच्या खिशात होती म्हणून राहिली. उजवा हात शाबूत आहे. एवढंच.

शुक्रवार, १५

दुपारी बाईंचा नवरा आला. भोकातून पाहिलं. काल सकाळी बाई आणि मुलगी घराच्या बंद गॅरेजात गाडी सुरू करून त्याची वाट बघत बसल्या होत्या. याला घराची किल्ली सापडायला दहा मिनिटं लागली. बाई गेल्या. मुलगी दवाखान्यात आहे, अजून डोळे उघडले नाहीत. तो हे ओरडून सांगत होता. हातात ते तडकलेलं झाकण.

गाडीने काहीच कसं सांगितलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

दिवा मी विझवला होता.

मी दारावर लाथा घातल्या, ओरडले, पळा म्हणाले. त्याने वळून पाहिलं, आणि दादांनी जॅकचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. दात फरशीवर उडाले. तरी तो पडला नाही. पाना उचलून त्याने दादांचा गुडघा फोडला. दादा बसले. मला वाटलं, सुटलो. तर वहिनी धावत आल्या. मला वाटलं त्या मध्ये पडणार. त्यांनी शटर ओढलं, कॉम्प्रेसर चालू केला.

त्या आवाजात मी उरलेलं नुसतं पाहिलं. दादा बसल्या जागेवरून मारत होते. पाय, मग बरगड्या, मग डोकं. डोक्यावर किती वेळ —

वहिनींनी फरशीवर रंगाचं थिनर ओतलं आणि रक्त पुसायला बसल्या.

शनिवार, १६

पाणी नाही. करंगळी काळी पडलीय. दादा बाहेर खुर्चीत, पाय लाकडासारखा पुढे. मी शपथ घेतली, कुणाला सांगणार नाही. ते म्हणाले, तू दाराला लाथ मारलीस.

वहिनींना हाक मारली. ताईचा पत्ता सांगितला. एवढंच सांगा म्हटलं. त्या रडल्या. भोकातून दिसल्या, पदराने डोळे पुसत. मग भोकावर चिकटपट्टी लावली.

रविवार, १७. सकाळ

व्हॅन मागे घेतायत. दाराला खेटून. दादांना तर पाय टेकवत नाही, मग कोण —

फटीतून रबरी नळी आत. इंजिन सुरू.

फटीत एप्रन कोंबला. बाहेरून काठीने आत ढकलला. पुन्हा कोंबला. नळी धरली, गरम, कातडी निघाली —

वहिनींच्या चपला दिसतात. नळीवर पाय ठेवून उभ्या आहेत. हलू देत नाहीत.

डोकं. कपाळात ठोके. ओकले.

फरशीवर पडून लिहितेय. ओळी वाकड्या. मुलीचं नाव मी विचारलं नाही — जी कुणी हे वाचेल तिने — दवाखान्यात जाऊन — तिला सांगा की गाडी —

वहिनी फटीला तोंड लावून बोलतायत. म्हणतात, दार बडवू नकोस गं, शांत झोप, आधीचीला पण मी हेच सांगितलं होतं, ती ऐकत नव्हती म्हणून तिला फार —