नियम कोणाचा, चूक कोणाची

विलेपार्ले, १४ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. आईस,

हेमाचा नमस्कार. मावशीकडे जेवणखाण उत्तम आहे. पण आज डोकं जाम तापलंय, म्हणून लिहायला बसले.

अंधेरीच्या ऑफिसात मी काय करते, असं तू विचारतेस ना? आम्ही कॉम्प्युटरला गणित झाडासारखं देतो, फांद्याफांद्यांचं. अशी फांदी दिसली की तिच्या जागी तशी लाव, असे नियम लिहायचे. एखादा तरी नियम लागू पडतोय तोवर तो फांद्या बदलत राहतो, मग थांबतो.

माझा नियम होता, बेरजेत एक आकडा आणि एक अक्षर असेल, तर डाव्या फांदीवरचा आकडा उजवीकडे ने. आमच्या रेगेसाहेबांनी मला न विचारता आपला घातला, उजवीकडचा डावीकडे आण. झालं! तू माठ खिडकीपाशी ठेवतेस, काकी तो उचलून परत चुलीपाशी नेते, तसंच. कॉम्प्युटर दिवसभर तेच करत बसला.

साहेबांनी माझा नियम काढला. कॉम्प्युटर थांबला. लगेच सगळ्यांसमोर म्हणतात, "बघा, चूक हिचीच होती!" आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या! अगं, दोघांतला कुठलाही काढला असता तरी थांबलाच असता!

सोमवारी सगळ्यांसमोर मी माझा नियम परत घालणार आणि त्यांचा काढणार. कॉम्प्युटर तेव्हाही थांबेल. मग विचारते, आता चूक कोणाची?

बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांचा गुडघा कसा आहे? नोकरी गेलीच, तर काकीसमोर माठ हलवायला मी येतेच आहे.

तुझी,
हेमा