पाचवी बरगडी कुणाची?

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला लागली, उरलेली मनाने लागली असं समज.) वहिनींनाही नमस्कार. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीक असावं अशी आशा, आणि तुझ्या खोकल्याची मात्र आशेपेक्षा जरा जास्त चौकशी. वहिनी सांगत होत्या की हल्ली खोकला आला की तू बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतोस. अरे, पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईला नळाच्या आवाजातून नवऱ्याचा खोकला ऐकू येत नाही, असं वाटण्याइतका भोळा तू कधीपासून झालास? फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मधेमधे बोलतोस आणि माझा गोंधळ उडतो. सध्या तर कुणी मधे न बोलताही उडालेलाच आहे, म्हणून सगळं एका दमात लिहून काढतो. (दम हा शब्द आपल्या घराण्याने जपून वापरावा, पण असो.)

माझं काम तुला माहीत आहे, निदान तू चारचौघांत ‘धाकटा धुरावर संशोधन करतो’ असं सांगत असतोस. प्रकार साधा आहे. वर्षानुवर्षं सिगरेट ओढलेल्या पण अजून धडधाकट हिंडणाऱ्या माणसांना बोलवायचं, मशीनमध्ये आडवं करायचं, श्वास रोखायला सांगायचं आणि फुप्फुसांचे फोटो काढायचे. आत कॅन्सर असलाच तर तो लहान असतानाच हाताशी लागावा, एवढाच हेतू. पाच मिनिटांचं काम, सुई नाही, उपाशी राहणं नाही. आता तूच सांग, यात गोंधळ कुठे शिरेल? तर तो दारातूनच शिरला. आमच्याकडे येतात ते सगळे न ओढणारे! पहाटे पाचला उठून चालायला जाणारे, कोमट पाणी पिणारे, छातीत जरा टोचल्यासारखं वाटलं तरी तीन डॉक्टर पालथे घालणारे. फुकट तपासणी मिळावी म्हणून हे सज्जन फॉर्मवर ‘तीस वर्षं, रोज एक पाकीट’ असं ठोकून देतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी सहज विचारलं, कशी ओढता? त्यांनी बोटं अशी धरली की सिगरेट नव्हे, खडू वाटावा. आणि खरे ओढणारे? ते समोरच्या टपरीपाशी उभे राहून आमचा बोर्ड वाचतात. पूर्ण वाचतात, खालचा फोन नंबरसुद्धा वाचतात, आणि वाचून झाल्यावर एक पेटवतात. चुकून आत आलेच तर फॉर्मवर लिहितात ‘कधीच नाही’, आणि लिहिताना खिशातली काडेपेटी खुळखुळते. फॉर्मवर खोटं लिहिणाऱ्या माणसासारखा क्षुद्र प्राणी मी पाहिलेला नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.

जे येत नाहीत त्यांना फोन करायला आमच्याकडे एक बाई आहेत. आम्ही सगळे त्यांना फोनताई म्हणतो. आवाज मधाळ, चिकाटी तगाद्याची. प्रत्येकाला तीनदा फोन करतात आणि ‘न येण्याचं कारण’ या रकान्यात तो जे बोलेल ते जसंच्या तसं लिहितात. साडूच्या मुलीचं लग्न आहे. गुडघा दुखतो (गुडघ्याने श्वास घेत असावा). आमचे आजोबा नव्वद वर्षं ओढत होते. बायको म्हणते, नसतं शोधायला जाऊ नका. एका बसड्रायव्हरने तर सांगितलं, “ताई, नाही आलो तोवर मला काही नाही. आलो की असेल.” संध्याकाळी या कारणांची वर्गवारी मी करतो. ड्रायव्हरला मी ‘अज्ञान’ या गटात टाकलं, तेही लाल शाईने, आणि पुढच्या परिषदेत वाचायच्या निबंधात त्याच्यावर एक खोचक परिच्छेदही लिहिला. परिच्छेद चांगलाच उतरला आहे. उतरला होता.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात तू इकडे आला होतास, त्याच आठवड्यात नवं मशीन बसलं. ते नीट चालतं का ते पाहायला दोन माणसं हवी होती. मी म्हटलं, दादा आहेच, मी आहेच, दोघं आडवे होऊ. नियमाप्रमाणे दोघांनी फॉर्म भरले. तू ‘अधूनमधून’ असं लिहिलंस (जेवणासारखं अधूनमधून!), मी ‘कधीच नाही’ असं लिहिलं. मग आपण दोघे तो पाठीमागे नाड्या असलेला हिरवा झगा घालून दारात उभे राहिलो आणि सुरू झालं. तू म्हणालास, तू आधी जा. मी म्हटलं, छे, मोठा तू, तू आधी. तू म्हणालास, तुझं ऑफिस, मान तुझा. मी म्हटलं, पाहुणा तू. शेवटी आतून टेक्निशियन ओरडला, “काका, कुणीतरी एक या हो, मशीन तापलंय!” मग एक जण गेला. कोण गेला? दादा, देवाशपथ मला आठवत नाही. टेक्निशियनने नावं टाकायची सोय अजून झाली नव्हती म्हणून संगणकात ‘चाचणी एक’ आणि ‘चाचणी दोन’ एवढंच टाकलं. त्याला विचारलं तर म्हणतो, पहिल्याला टक्कल होतं. दुसऱ्याला? दुसऱ्यालाही. दोघेही श्वास रोखा म्हटल्यावर सोडत होते आणि सोडा म्हटल्यावर रोखत होते. एवढीच त्याची साक्ष.

पंधरा दिवसांनी आमच्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी, म्हणजे फोटो वाचून निदान सांगणाऱ्या बाईंनी, मला बोलावलं. त्या बोलतात कमी आणि ते बोलणंही पडद्याकडे बघून. म्हणाल्या, मशीन उत्तम आहे. चाचणी एक ठीक. चाचणी दोनमध्ये उजवीकडे वरच्या भागात सात मिलिमीटरचा ठिपका आहे. असले ठिपके बहुतेकदा निरुपद्रवी निघतात, पण लक्ष ठेवायलाच हवं. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढा आणि माणसाला कळवा. कोण आहे हा माणूस? मी म्हटलं, तेच तर. त्या म्हणाल्या, त्यात काय, ओळखता येईल, धुराच्या खुणांवरून. मग दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघत बसल्या आणि म्हणाल्या, नाही येत. दोन्हींत सारख्याच खुणा आहेत, दोघंही चांगलेच ओढणारे दिसतात. (बाई विदुषी आहेत, पण चष्मा बदलायला झाला आहे.) शेवटी मला उभं ठेवूनच त्यांनी सांगितलं, चाचणी दोनच्या डाव्या बाजूची पाचवी बरगडी कधीतरी लहानपणी मोडून जुळलेली आहे. विचारा, कोण पडलं होतं.

कोण पडलं होतं, दादा?

शाळेमागची पाण्याची टाकी आठव. काकांच्या पाकिटातली एक उचलून आपण शिडीवर चढलो होतो, मी नऊ वर्षांचा, तू अकरा. खालून ड्रिलमास्तरांची शिट्टी वाजली आणि दोघेही एकावर एक खाली आलो. इथवर दोघांचं एकमत आहे. पुढे तू गेली पन्नास वर्षं सांगतोस की तू मला झेललंस आणि तुझी बरगडी मोडली. मी गेली पन्नास वर्षं सांगतो की मी खाली होतो, तू माझ्यावर पडलास आणि माझी मोडली. तुझ्या लग्नात मांडवात यावरून आपली जुंपली होती, व्याही मध्ये पडले. पट्टा छातीला बांधलेला मला आठवतो, डाव्या कुशीवर झोपता येत नसल्याचं आठवतं. तुलाही नेमकं तेच आठवतं. आई असती तर विचारलं असतं, पण तिचाही भरवसा नव्हता. ही गोष्ट सांगताना समोर जो बसला असेल त्याच्याकडे बोट करून ती म्हणायची, “ह्या मेल्याची मोडली होती.” रोज आंघोळ करताना मी चाचपतो. एक दिवस उंचवटा लागतो, दुसऱ्या दिवशी लागत नाही. साबणावर अवलंबून असावं.

जन्मभर आपण त्या बरगडीसाठी भांडलो. खोटं कशाला बोलू, ते ऐकून बाईंच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा जिन्यात माझ्या मनात आलं: देऊन टाकावी दादाला. तोच म्हणतो ना त्याची म्हणून? मोठा आहे, त्याचा मान. तीन पायऱ्या उतरेपर्यंत मला फार हलकं वाटलं. चौथ्या पायरीवर बसलो, तो बराच वेळ उठलो नाही.

तर उलट टपाली नीट आठवून, बढाई न मारता, कळव. बाकी विशेष काही नाही. वहिनींना यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. – तुझा चष्मा इथेच राहिला आहे. पाठवायचा म्हणून रोज खोक्यात ठेवतो आणि रोज पत्ता लिहायचा राहतो.

ता. क. दुसरा – तू विचारशील, एवढा शहाणा संशोधक, मशीन शेजारच्या खोलीत, स्वतः पुन्हा पाच मिनिटं आडवा का होत नाहीस? बरगडी दिसली तर तुझी सुटका, नाही दिसली तर माझी. बरोबर आहे. आज अकरा दिवस झाले. पहिल्या दिवशी मीटिंग होती. मग कंबर धरली. मग साडूकडचं लग्न निघालं. त्या ड्रायव्हरवरचा परिच्छेद मी निबंधातून काढून टाकला आहे.

ता. क. तिसरा – बाईंचा चष्मा ठीक आहे. माझ्या फॉर्मवरचं ‘कधीच नाही’ खोडून मी ‘तेवीस वर्षं’ असं लिहिलं. प्रयोगशाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. (टाकी मला लागतेच, असं दिसतं.) आणि तुझ्या नळाला हसलो ते मागे घेतो. आमच्याकडे नळ सकाळी सहाला सुटतो. ही कधीच विचारत नाही की रोज इतका वेळ पाणी का वाहतं. फक्त मी बाहेर आलो की चहाबरोबर बडीशेप ठेवते.

ता. क. चौथा – हे लिहीत असताना फोन वाजला. फोनताई होत्या, भिंतीपलीकडून; त्यांच्या यादीत आता माझंही नाव आहे. म्हणाल्या, “सर, हा तिसरा फोन. कारण काय लिहू?” मी म्हटलं, लिहू नका, दोन वेळा द्या. तर येत्या गुरुवारी सकाळी साडेनऊ आणि पावणेदहा. उपाशी यायचं नाही, झगा इथे मिळतो, नावं या वेळी मोठ्या अक्षरांत टाकायला सांगितली आहेत. बुधवारीच ये, वहिनींना सगळं सांगून त्यांनाही आण. बरगडी कुणाचीही निघो, ठिपक्यामागे दोघांनी मिळून लागू. आणि दारात पुन्हा तो मानपानाचा तमाशा नको. आधी मी जाणार. तू फक्त बाहेर उभा राहा, मला दिसशील असा. दारापाशी, टपरीपाशी नाही.