डबा धुवून झाला का

धाकट्या,

तुझी बायको न्हाणीघरात घसरून पडली, तुला हाका मारत होती, आणि तू पलीकडच्या खोलीतून म्हणालास, "दोन मिनिटं थांब, डबा धुतोय." मी खालून गॅस बंद करून येईपर्यंत ती तशीच ओल्या फरशीवर कण्हत पडली होती. तू मात्र धुतलेल्या डब्यात गारगोट्या भरल्यास, पॉलिशची पूड घातलीस, डबा फिरवून दगड चकचकीत करणारं ते तुझं यंत्र सुरू केलंस आणि नवे दगड बघायला निघूनही गेलास. जाताना न्हाणीघराकडे मान वळवली नाहीस.

तिचं मनगट मोडलंय. शेजारीणबाईंच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेते आहे. तुझ्यासाठी जेवण ठेवलेलं नाही.

भरड पुडीचा एक कण जरी पॉलिशच्या डब्यात राहिला तरी सगळ्या गारगोट्यांवर ओरखडे उठतात, महिन्याची मेहनत पाण्यात जाते, हे तूच घरभर ऐकवत फिरायचास. माझ्या चांगलं लक्षात राहिलं. कण कशाला, मी मूठभर टाकली. झाकण घट्ट लावून यंत्र पुन्हा सुरू केलंय. गारगोट्या दुधट, बिनचमकेच्या आणल्या होत्यास, तशा दुधटच बाहेर काढ.

दवाखान्यात यायची हौस आलीच तर नर्सबाई विचारतील, हे कोण. तेव्हा सगळ्यांदेखत तुझ्या तोंडावर काय बोलणार आहे ते आताच वाचून ठेव: "नवरा म्हणून तू हिच्या कामाचा नाहीस, आणि माझा मुलगा म्हणून सांगायची मला लाज वाटते. बाहेर थांब. दोन मिनिटं म्हणत नाही मी."