लाल गाडी आणि दुमडलेला पट्टा

मी, कौशल्या बेवा गजेंद्र गावंडे, वय एकसष्ट, धंदा घरकाम, राहणार पातूर रस्ता, अकोला, हे माझे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. मी शाळेत गेले नाही. गॅरेजात सुटे भाग ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळून येत, ती सरळ करून मी वाचायला शिकले. त्यामुळे अक्षर चांगले नसले तरी माझेच आहे, हे कोणालाही ओळखता येईल.

पुढल्या सोमवारी नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. मी ऑपरेशनची काळजी करत नाही. माझ्या मागे लाल गाडीची चावी कोणाच्या हातात जाईल, याची करते. त्यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमे रीत म्हणून.

कलम १. राहते घर, मागची जागा आणि पुढचे गॅरेजचे टिनाचे शेड माझी एकुलती एक मुलगी सीमा हिला द्यावे. शेड भाड्याने द्यायचे असल्यास वेल्डिंगवाल्याला देऊ नये, भिंतीला लागून शकुनताईंची म्हैस बांधलेली असते.

कलम २. बँकेतली ठेव सीमाचीच. माझ्या तेराव्याला शंभर माणसे जेवू घालू नयेत. यांच्या तेराव्याला जेवून गेलेल्या माणसांनी हात धुता धुता काय बोलणी केली, ती मी पडद्यामागून ऐकली आहेत.

कलम ३. पाने, पुलर, जॅक, टॉर्क पाना आणि हिरव्या पेटीतली सगळी हत्यारे गॅरेजातले जुने भागीदार अब्दुल सत्तार यांची मुलगी तुबा हिला द्यावी. तिने आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स पहिल्या नंबराने केला. पेटीवर माझ्या यजमानांचे नाव रंगवलेले आहे. ते खोडायचे की ठेवायचे, तिने ठरवावे.

कलम ४. दोन सीटांची लाल स्पोर्ट गाडी, जी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे, तीही तुबाला द्यावी. सीमाला विचारले आहे. ती म्हणाली, "आई, मले ते गाडी डोयासमोर नको."

ही गाडी आमच्याकडे कशी आली ते लिहिणे भाग आहे. कापसाचे दिवस फिरले तेव्हा आमच्या रस्त्यावरचे जिनिंग बंद पडले. जिनिंगवाल्यांनी आपल्या तरुणपणी हौसेने आणलेली ही परदेशी गाडी भंगारात काढली. तेव्हा आमच्याकडेही ट्रॅक्टर दुरुस्तीला येईनासे झाले होते. हात रिकामे होते. यांनी आणि सत्तारभाऊंनी मिळून गाडी उचलून आणली. गॅरेज दोघांचे भागीत होते. यांनी मला सांगितले, "सीमाची पाठवणी याच गाडीत करीन. अमरावतीपर्यंत लोक वळूवळू पाहतीन."

गाडीबाबत अट अशी: तिच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट, म्हणजे दातेरी रबरी पट्टा, बदलल्याशिवाय कोणीही चावी फिरवू नये. हा पट्टा इंजिनाच्या खालच्या आणि वरच्या चाकांना एका तालात फिरवतो. तो तुटला की पिस्टन जाऊन झडपांवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी बंद पडते. आत्ता बसवलेला पट्टा २००८ सालचा आहे. गाडी त्यानंतर शंभर किलोमीटरही चाललेली नाही, म्हणून सगळे म्हणतात पट्टा नवाच आहे. तसे नाही. रबर नुसते उभ्या उभ्या म्हातारे होते. आमच्या टिनाखाली तर आठ उन्हाळे झाले.

माझे चुलत दीर डोमाजी गावंडे यांनी मागच्या आठवड्यात न विचारता नवी बॅटरी आणून शेडमध्ये ठेवली. त्यांच्या मुलाची वरात या गाडीतून काढायची आहे. मी पट्ट्याचे बोलले तर म्हणाले, "वहिनी, गाडी चाललीच कुठं? पट्टा कशानं झिजंन? तुमी बायामाणसानं इंजिनात काहून डोकं घालावं?" मी म्हटले, "डोमाजी, एकडाव नाई घातलं, तेच चुकलं." त्यांना समजले नाही. चावी त्याच दिवशी शकुनताईंकडे दिली. ती तुबाशिवाय कोणालाही मिळू नये, डोमाजींना तर माझी चिता विझेपर्यंत तिचा ठिकाणाही सांगू नये.

पट्टा तुबाने बदलावा. बॅटरीची तार आधी सोडावी. चाकांवरच्या खुणा जुळवून खडूने रेघा माराव्यात, मगच जुना पट्टा काढावा. ताण देणारी पुली आणि पाण्याचा पंप त्याच वेळी नवा टाकावा. नवा पट्टा खोक्यावरची तारीख पाहून घ्यावा. त्याला तेल लागू देऊ नये. तो दुमडू नये, पिळू नये, खिळ्याला टांगू नये. बसवल्यावर किल्ली न लावता पान्याने इंजिन हाताने दोन पुरे फेरे फिरवावे. कुठे अडले तर जोर करू नये, खुणा पुन्हा पाहाव्या. पूजा करायची असेल तर कुंकू बोनेटला लावावे.

कलम ५. हे कलम वाटणीचे नाही. वकीलसाहेब म्हणाले, असले मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी म्हटले, मग माझ्याजवळ दुसरा कागद नाही.

२००५ च्या दसऱ्याला आम्ही नेहमीप्रमाणे गॅरेजातली हत्यारे पुजली. लाल गाडीचा नवा पट्टा मुंबईहून त्याच दिवशी आला. यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "यालेही पूज." पट्टा लांब, ताटात मावेना. मी तो भाजीच्या जुडीसारखा दुमडला, वरून लाल दोरा करकचून बांधला, तेलात कालवलेले कुंकू लावले. आमच्या घरी पुजलेली वस्तू कामाला लागेपर्यंत परत खोक्यात घालत नाहीत, देवाजवळ ठेवतात. मी ती जुडी देवाच्या फळीवरच्या खिळ्याला टांगली. वर टिन. रमजान चालू होता, सत्तारभाऊ रोजा सोडायला लवकर घरी गेले होते, त्यामुळे त्यांनी पूजा पाहिली नाही. यांनी पट्टा देवाजवळ आहे एवढे पाहिले. आमच्याकडे ट्रॅक्टर आणि जीप यायच्या, त्यांच्या इंजिनात चाकाला चाक लागते. असला पट्टा आम्ही कोणीच आधी हाताळला नव्हता.

गाडीचे बाकीचे भाग जमायला सव्वा वर्ष गेले. तोवर पट्टा तिथेच होता. फेब्रुवारी २००७ मध्ये सीमाचे लग्न बारा दिवसांवर आले, तेव्हा यांनी पट्टा मागितला. मी दोरा सोडला, ओल्या फडक्याने कुंकू पुसले, पट्टा खोक्यात घातला आणि नेऊन दिला. नवी वस्तू नवी दिसावी, एवढेच मनात होते. पट्टा बसवायचे काम सत्तारभाऊंकडे होते. त्यांनी तो उजेडात धरला आणि मला हाक मारली. मी ते बोलणे जसेच्या तसे लिहिते.

"भाबी, हा पट्टा कोनं दुमडला होता काय? इथं वळ दिसून राहिला. मुंबईवाल्यानं फोनवर सांगितलं होतं, दुमडू नका म्हनून."

"नाई जी, सत्तारभाऊ. खोक्यातून काढलाच नाई."

"पक्कं?"

"पक्कं. पयलेच पंधरा दिवस लागतीन दुसरा मागवाले. लग्नाचं काय?"

"तसं नाई. तुमी म्हनता तर बसवतो."

माझ्या शब्दावर त्यांनी पट्टा बसवला.

लग्नाला चार दिवस उरले असताना हे गाडी तपासून पाहायला पातूरच्या घाटात गेले. दुपारचे दोन वाजले होते. वळणावर पट्टा तुटला, इंजिन जागीच थांबले. मागून सरकी भरलेला ट्रक येत होता, त्याला आवरता आले नाही. मला निरोप आला तेव्हा मी लग्नाच्या शेवया उन्हातून काढत होते. त्या शेवया मी पुढे कितीतरी दिवस कोणाला खाऊ दिल्या नाहीत आणि टाकूही दिल्या नाहीत.

डोमाजींनी यांच्या तिसऱ्या दिवशी, आमच्या ओसरीवरच्या बाकावर बसून, सगळ्यांसमोर सांगितले की सत्तारने ताणाचा बोल्ट ढिला ठेवला. "दुसऱ्याच्या जिवाची काय फिकीर त्याले," असेही म्हणाले. आणखी काय म्हणाले ते लिहिण्यासारखे नाही, पण जातीधर्मावरून होते. पोलिसांनी सत्तारभाऊंना दोनदा बोलावले, विचारपूस करून सोडले. गिऱ्हाइके मात्र सुटली. भागी मोडली. त्या दिवसापासून त्यांनी एकाही इंजिनाला हात लावलेला नाही. ते आजपर्यंत कूलर दुरुस्त करतात आणि पंक्चर काढतात. जिल्ह्यात ज्यांच्याइतका कान कोणाला नव्हता, जे नुसता आवाज ऐकून कोणता सिलिंडर मारत नाही ते सांगत, ते कूलरच्या जाळीत खस भरतात.

तेव्हा मला खरेच माहीत नव्हते की दुमडल्याने काही होते. ते मला पुढच्या वर्षी कळले. सीमा पुढे साधेपणाने सासरी गेली होती, तरी यांनी हौसेने आणलेली गाडी तुटकी पाहवेना, म्हणून मी ती नागपूरहून नीट करून, ट्रकवर घालून आणली. नव्या पट्ट्याचे खोके त्या कारागिरांनी गाडीतच ठेवले होते. आत इंग्रजी कागद होता. मला इंग्रजी येत नाही, पण कागदावर चित्रे होती. पहिल्या चित्रात पट्टा दुमडलेला होता, अगदी माझ्या जुडीसारखा, आणि त्यावर लाल फुली होती. पहिल्या पट्ट्याबरोबरही असा कागद आला असेलच. त्याची मी दसऱ्याला कुंकवाची पुडी बांधली असावी.

त्या दिवसानंतर मी आठ वर्षे गप्प राहिले. आधी सीमाच्या सासरची भीती होती. मग लोकांची. मग नुसती सवय झाली. सत्तारभाऊ दर ईदला शिरखुर्मा पाठवत राहिले. मी डबा धुऊन, त्यात साखर घालून परत करत राहिले. त्यांनी मला पट्टा दुमडल्याबद्दल विचारले होते, हे त्यांनी पोलिसांनाही सांगितले नाही, कोणालाच सांगितले नाही. विधवेच्या अंगावर बोट नको, असे त्यांना वाटले असेल. मी कधी विचारले नाही.

म्हणून मी जाहीर करते: पट्टा मी दुमडला. विचारल्यावर खोटे मी बोलले. अब्दुल सत्तार यांचे काम बरोबर होते. तुटलेला पट्टा मी ठेवला आहे, तो या कागदाबरोबर लिफाफ्यात आहे. जिथे दोरा बांधला होता तिथेच तो तुटलेला आहे, आणि तिथल्या दात्यांच्या फटीत अजून लाल आहे. हे कलम माझ्या तेराव्याला, जेवणाआधी, सीमाने मोठ्याने वाचावे.

कलम ६. डोमाजी गावंडे यांना ओसरीवरचा तो बाक द्यावा. ऐकणारी माणसे त्यांनी आपली आणावीत. आणलेली बॅटरी परत न्यावी.

कलम ७. सत्तारभाऊंना मी काहीही ठेवलेले नाही. याचे कारण असे की, ज्याला मिळकतीतले काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकीलसाहेबांनी सांगितले. मला या कागदावर त्यांची सही पाहिजे. त्यांना मराठी वाचता येत नाही. सही घेण्याआधी मी त्यांना सगळे वाचून दाखवीन.

वाचून दाखवले. आज सकाळी दहा वाजता, घरच्या ओसरीत, शकुनताईंसमोर. त्यानंतर जे झाले तेही या कागदावर असावे, म्हणून सहीच्या आधी लिहिते.

पाचवे कलम झाले तेव्हा सत्तारभाऊ उठले. मला वाटले, गेले. ते अंगणात उन्हात जाऊन उभे राहिले आणि लिफाफ्यातला पट्टा त्यांनी दोन्ही हातांनी उजेडात धरला, नऊ वर्षांपूर्वी धरला होता तसाच. बराच वेळ दाते पाहिले. मग परत येऊन बसले. शकुनताईंनी पाणी दिले, ते प्याले नाहीत.

म्हणाले, "मले वाटे, बोल्ट मीच ढिला ठेवला. नऊ वर्सं झाले भाबी, रोज सपनात तो बोल्ट कसून राहिलो मी."

मी कागद मांडीवर ठेवला.

"तुमी मले काहून नाई सांगितलं? लोकायले नसतं सांगितलं. मले तं सांगाचं होतं."

"हिंमत नाई झाली."

"मंग आता कशी झाली?"

"सोमवारी ऑपरेशन हाय म्हणून."

त्यावर ते हसले, पण ते हसू बरे नव्हते. मग म्हणाले, "सही कुठं करू?" शकुनताईंनी जागा दाखवली. पेन हातात घेऊन ते थांबले. "एक गोष्ट. माफ केलं असं त्यात लिहू नका. मले अजून मालूम नाई." म्हणून ते मी लिहीत नाही. सही करायला तयार झाले, एवढे लिहिते.

मग त्यांनी कलम चार पुन्हा वाचायला सांगितले. खुणा, पुली, पंप, सगळे मान हलवत ऐकले. दोन फेऱ्यांपाशी मला थांबवले.

"हे तुमी मेल्यावर काहून? पट्टा तुबा उद्या मागवते, शनिवारी येते. रविवारी करू. पट्टा तुबा बसवंन. दोन फेरे मी फिरवीन. अन् तुमी समोर बसान खुर्ची टाकून. उठाचं नाई."

तेव्हा कलम चारला जोड अशी: येत्या रविवारी पट्टा बदलून झाल्यास त्याबाबतची अट पुरी झाली असे समजून ती खोडावी आणि खोडल्याच्या जागी अब्दुल सत्तार यांनी सही करावी. न झाल्यास अट कायम आहे. कलम पाच कोणत्याही कारणाने खोडू नये.

स्थळ: अकोला
दिनांक: २० एप्रिल २०१६, बुधवार

लिहून देणार: कौशल्या गजेंद्र गावंडे (सही)

साक्षीदार, ज्यांनी हे ऐकले आणि माझ्यासमोर सही केली:

१. शकुन नत्थुजी तायडे, अंगणवाडी सेविका, राहणार शेजारी (सही)

२. अब्दुल सत्तार अब्दुल गफूर, धंदा इंजिन मिस्त्री (सही उर्दूत)

(धंद्याच्या जागी मी आधी "कूलर दुरुस्ती" लिहिले होते. ते त्यांनी स्वतःच्या हाताने खोडले आणि मला नवीन सांगितले.)