शलगमाच्या शेतात फुटलेला सायलेन्सर

रॅनफर्ली, गुरुवार

ती. दाजींना,

मर्डोचा वाकून नमस्कार. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी निघाली का? ताई मटणाचं सूप देते ना (मीठ बेताचंच असणार)? आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. हे वाक्य मुद्दाम लिहिलं, कारण मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता तसं छातीठोक म्हणता आलं नसतं.

झालं असं, की हरणांनी आमचं शलगमाचं शेत खायला घेतलं. एकाला गोळी घातली की आवाजाने बाकीची वीस टेकडीपलीकडे, आणि नोलीनच्या कानात दुपारपर्यंत शिट्टी. ती म्हणाली, सायलेन्सर घे, सगळं गाव वापरतं. म्हणून वर्नाबाईंच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. बाईंनी (सत्तरी उलटली, पण नळीतून बघून मालकाचं चारित्र्य सांगतात) सात नग समोर मांडले. पोलादाचा दणकट पण जड, ॲल्युमिनियमचा हलका पण लवकर तापणारा. एक नळीच्या पुढे लांब निघणारा, तर एक नळीवर मागे सरकून बसणारा. तासभर मी एकेक तोलून बघितला. (लग्नाची अंगठी पाच मिनिटांत घेतली होती, हे नोलीनला नेमकं तेव्हाच आठवलं.) शेवटी हलका घेतला. बाईंनी गोळीचं माप विचारलं, ते मी सांगितलं. बाई म्हणाल्या, "रायफल ठेवून जा. नळीच्या तोंडाला आटे पाडायचेत. तीन आठवडे लागतील." तीन आठवड्यांत हरणांनी कुंपणसुद्धा खाल्लं असतं. मी "बघतो" म्हणून सायलेन्सर घेऊन निघालो.

मंगळवारी सायलेन्सर बसवला. आटे इतके अलगद फिरले, की मीच मला शाबासकी दिली.

"आतून आरपार बघितलंस का?" नोलीनने विचारलं.

"चाळीस वर्षं रायफल धरतोय मी!"

ती दुर्बीण आणि चहाचा मग घेऊन माझ्या उजवीकडे उभी राहिली. मी नेम धरला, चाप ओढला. दाजी, आयुष्यात एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता! सायलेन्सर केळ्याच्या सालीसारखा उलगडला आणि त्याचं टोपण भिरभिरत गेलं. हरणं पळायचं विसरून आमच्याकडे बघत राहिली. नोलीनकडे वळलो, तर तिच्या हातात मगचा नुसता कान. ती त्या कानाकडे बघत होती आणि चहा तिच्या कोटावरून ओघळत होता. मग ती म्हणाली, "मर्डो, माझं डोकं इथून वीतभर लांब होतं."

मी तिथेच चिखलात बसलो. ती रागावेल म्हणून वाट बघितली, पण ती शेजारी येऊन बसली, आणि दोघं एकमेकांचा हात धरून दात वाजवत राहिलो. मग घरी येऊन तिने बंदुकीच्या कपाटाची किल्ली काढून घेतली. ते योग्यच केलं. वर्नाबाईंनी ते फाटकं भांडं बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "बारीक भोकातून जाड गोळी घातलीस, गाढवा."

डोळ्यांना जपा.

तुमचा मेहुणा,
मर्डो

ता. क. – ताई, तू हे मोठ्याने वाचत असशील. इथून पुढे मनात वाच. माप मी माझ्या रायफलचं सांगितलं होतं, पण तिला आटेच नाहीत. दाजींनी सांभाळायला ठेवलेल्या रायफलला होते. तिच्या नळीचं तोंड आता तुतारीसारखं झालंय. नळी चार बोटं कापायला त्यांची परवानगी हवी, तेवढी गोडीत काढ.

ता. ता. क. – कापून झालीये. आणि तू गप्प का झालीस असं ते विचारतीलच. सांग, मर्डोने नमस्कार लिहिलाय.