पलीकडची अकरा पिल्लं

२० जानेवारी
शुद्ध पैदास आजपासून सुरू. एक कोंबडा (सम्राट), दोन कोंबड्या. तिघंही अस्सल कडकनाथ. विठ्ठलवाडीच्या माणसाने शपथ घेऊन दिलेत. कल्याणच्या देशी कोंबडी मंडळाचं प्रदर्शन ३० मार्चला आहे. घरच्या पक्ष्यांची, घरच्या अंड्यांतली पिल्लं दाखवली की मंडळाच्या यादीत 'पैदासकार' म्हणून नाव लागतं. ठाकुर्लीतून एकही नाव नाही. तीस वर्षं ऑफिसात लोकांची नावं याद्यांत चढवली. आता माझं चढेल.

थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून इन्क्युबेटर केला. आठवडाभर साठवलेली दहा अंडी ठेवली. भिंतीपलीकडचा कुंडलिक (रिक्षावाला, गावठी कोंबड्या पाळतो, शास्त्र शून्य) म्हणाला, भाऊ, मशीन कशाला? कडकनाथ अंड्यांवर धड बसत नाही, पण माझी तांबडी कोंबडी खुडूक व्हायला आलीये, उबवायला बसेल. तिच्याखाली ठेवू, पिल्लं निम्मी तुमची, निम्मी माझी. त्यांच्या गावाला असंच वाट्याने करतात म्हणे. नम्रपणे नकार दिला. निम्मी द्यायला मी वेडा नाही.

२९ जानेवारी, दुपारी
बल्ब बहुधा मोठा झाला. एक अंडं फोडून पाहिलं. उकडलेलं. बायकोने, कलावतीने, मीठ-मिरपूड आणून ठेवली. हा टोमणा होता, असं आता वाटतंय.

२ फेब्रुवारी
नवी बारा अंडी. बल्ब लहान. ही शेवटची संधी, यानंतरची पिल्लं प्रदर्शनापर्यंत फार कोवळी राहतील. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने नंबर टाकला. शिस्त.

९ फेब्रुवारी
मोबाइलचा टॉर्च लावून अंडी पाहिली. आत लाल शिरा दिसायला हव्यात. काहीच दिसलं नाही. अर्थात जातच काळी, आत अंधार असणारच. नंबरांचं अक्षर मात्र गोलसर वाटलं. माझं अक्षर सुधारतंय.

तिकडे तांबडी खुडूक बसलीये. कुंडलिक फेरी मारून आला की आधी तिला बघतो. आमची कलावतीसुद्धा वाटीभर कणी घेऊन जाते. आपल्याकडे कोंबड्या नाहीत का, असं विचारलं. म्हणाली, ती बिचारी दिवसभर बसून असते. मीही दिवसभर खोक्यापाशी बसून असतो. मला कोणी विचारत नाही.

२३ फेब्रुवारी, सकाळी ७.००
एकविसावा दिवस. खोकं शांत. खानदानी पक्षी घाई करत नाहीत.

९.३०
पलीकडे चिवचिवाट. स्टुलावर चढून पाहिलं. अकरा. सगळी काळी कुळकुळीत.

९.५०
पोहे गेले नाहीत.

१०.१५
उलगडा झाला. सम्राट उठसूट भिंतीवर का बसायचा, ते कळलं. बाप माझा, आई ती तांबडी. माझ्या घराण्याचं रक्त फुकटात पलीकडे गेलं.

२७ फेब्रुवारी
आमचं बारावं अंडं फोडलं. तपशील लिहीत नाही, खिडक्या अजून उघड्या आहेत. कुंडलिक भिंतीवरून म्हणाला, भाऊ, मन छोटं नका करू, ही पण तुमचीच आहेत ना. असल्या गोड बोलण्याला मी भुलत नाही. कलावतीने त्याला डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. बहुधा माझी दया आली असावी, दोघांनाही.

९ मार्च
कुंडलिकच्या मुलीने, संचिताने, मंडळाच्या ग्रुपवर पिल्लांचे फोटो टाकले. 'ठाकुर्लीची कडकनाथ.' सेक्रेटरी संदेशने लिहिलं, 'वा!' मी गेल्या वर्षभरात एकवीस फोटो टाकले. मला एकदाही 'वा' आलेलं नाही.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मी जळतो. ती पिल्लं मला हवी आहेत. मला मिळणार नसतील तर त्याच्याकडेही नकोत.

१५ मार्च
साखर मागायला म्हणून गेलो. एक पिल्लू उचलून चोच उघडली. जीभ गुलाबी! अस्सल कडकनाथची जीभ काळी असते. आणखी चार पाहिली. गुलाबी. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. कुंडलिक म्हणाला, बघा, बघा, निवांत बघा. साखर तिथेच विसरलो.

संध्याकाळी मंडळाला दोन पानी तक्रार पाठवली. मुद्दा क्रमांक ७: 'अशी भेसळ करणाऱ्याचं नाव यादीत कधीही येऊ नये.' 'कधीही'खाली दोन रेघा.

२३ मार्च
संदेश तपासणीला आला. अकराच्या अकरा जिभा पाहिल्या. म्हणाला, काका, तुमचं बरोबर आहे, भेसळ आहे. मी कुंडलिककडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. संदेशने विचारलं, अंडी कुणाची? कुंडलिकने कलावतीकडे पाहिलं. ती म्हणाली, आमची.

दोन फेब्रुवारीलाच, मी आंघोळीला गेलो असताना, तिने माझी बारा अंडी तांबडीखाली नेऊन ठेवली होती. खोक्यात दुकानातली गावरान अंडी, नंबरांसकट. मी तिला विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणाली, सांगितलं असतं तर हीसुद्धा उकडली असती.

मग संदेशने सम्राटची चोच उघडली. मी कधी उघडली नव्हती, तो टोचतो. गुलाबी.

संदेश म्हणाला, मुद्दा क्रमांक ७ समितीला फार आवडला. तसाच लागू होईल.

३० मार्च, संध्याकाळी ६.१०
प्रदर्शनाला गेलो नाही.

सकाळी कुंडलिकने आमच्या वाट्याची पाच आणून दिली. विषम संख्या आली की वरचं एक कोंबडीवाल्याचं, हाही त्यांच्याकडचा नियम. त्याने थोराड सहा ठेवून घेतलीत, हे मला लांबूनही दिसतं.

पाच वाजता पाचही पिल्लं भिंतीखालच्या फटीतून तांबडीकडे पळाली. सम्राट भिंतीवरून गेला. कलावती त्यांना आणायला म्हणून गेली, ती तिकडेच बसलीये. हसण्याचा आवाज येतोय. चहा ठेवलेला दिसतो.

बोलावलं तर जाईन. अजून कोणी हाक मारलेली नाही.