शुभमंगलातली शिट्टी

राजाजीनगर, बेंगळुरू
मंगळवार, चहा गार झाल्यावर

चि. सौ. विमला हिस दादाचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे आणि मेहुण्यांची शुगर आटोक्यात असतील, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. त्यातली नीला खरोखर ठीक आहे, मी फक्त पत्रापुरता.

तू चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा नीलाने 'हे अंघोळीला गेलेत' असं सांगितलं, त्यावरून म्हातारपणी दादाला भलताच सोवळेपणा आला असं तुला वाटलं असेल. तसं नाही. मी तिच्या शेजारीच उभा राहून हातवारे करत होतो. सध्या मला बोलता येत नाही आणि एका जागी बसवतही नाही. हे पत्रसुद्धा मी हॉलभर फिरत, मध्येच कपाटाला कागद टेकवून लिहितोय (म्हणून ओळी उतरणीला लागल्या आहेत). कारण दात.

वरच्या जबड्यात माझे सहाच दात उरले होते आणि त्या सहांचंही आपसात पटत नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या प्रांजलीचं लग्न ठरलं तेव्हा मी ठरवलं, भाचीची मंगलाष्टकं म्हणायची तर भरल्या तोंडाने. आपल्या घरातल्या एकूणएक लग्नांत ती मीच म्हटली आहेत, आणि ही पोर तर माझ्या खांद्यावर बसून मोठी झाली. काढघालीची कवळी मला नको होती (आमच्या शेजारच्या जितेंद्रची तसली कवळी आरती म्हणताना तबकात पडली, तेव्हापासून तो नुसत्या टाळ्या वाजवतो), म्हणून बसवनगुडीत डॉ. भार्गवींकडे गेलो. त्या उरलेले दात काढून जबड्याच्या हाडात चार स्क्रू पिळतात आणि वर अख्खी कवळी कायमची बसवतात. स्क्रू म्हटल्यावर माझ्यातला रिटायर्ड इंजिनिअर जागा झाला. टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, किती लावणार, असं मी विचारलं. पस्तीस, म्हणाल्या. आकडा मला पटला आणि मी खुर्चीत आडवा झालो.

आता पुढचा मूर्खपणा कोणाला सांगू नकोस. आत शिरताना मी कन्नडमध्ये ऐटीत 'स्वल्प बेग माडी' म्हणालो होतो, म्हणजे जरा लवकर करा. त्यामुळे बाईंनी पुढचं सगळं कन्नडमध्ये चालवलं. पहिलं इंजेक्शन देऊन त्यांनी विचारलं, "नोवु इदेया?" मला वाटलं, बिचारी माझ्यासाठी मराठीचा प्रयत्न करतेय आणि 'नऊ आहेत का' असं विचारतेय. खाली माझे बरोबर नऊ दात आहेत. मी "हौदु, हौदु" म्हणून जोरात मान हलवली. त्यांनी दुसरं इंजेक्शन दिलं आणि पुन्हा तेच विचारलं. डॉक्टर असावी तर अशी, दोनदा मोजते, असं मनात म्हणत मी पुन्हा होकार दिला. तिसऱ्या इंजेक्शननंतर मला माझं नाकही जाणवेना. नोवु म्हणजे दुखणं, हे घरी आल्यावर नीलाने सांगितलं. अडतीस वर्षं इथे काढूनही हा शब्द मला येत नव्हता, कारण तोवर मला कधी काही दुखलंच नव्हतं!

दात बसले. दिसतातही झकास. फक्त 'स' आणि 'श' म्हणायला गेलो की शिट्टी वाजते. सध्याची कवळी तात्पुरती आहे. स्क्रू हाडात मुरायला तीन महिने लागतात, मग पक्की करतात, तेव्हा ही फट बुजेल असं बाई म्हणतात. तोवर मऊ खा आणि मोठ्याने वाचा. म्हणून मी रोज मंगलाष्टकं घोकतो. परवा 'शुभमंगल सावधान' तीनदा म्हटलं, तर नीलाने शिट्ट्या मोजून कुकर उतरवला आणि मला रात्री मुगाची खिचडीही चावता आली नाही. विमला, लग्नाला एकोणीस दिवस उरलेत. मला घाबरायला झालंय, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

सर्वांना यथायोग्य.

तुझा,
उमाकांतदादा

ता. क. : खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. मुहूर्त तीन महिने पुढे ढकलता येईल का? गुरुजींशी मी बोललो असतो, पण वर सांगितलंच आहे.

ता. क. २ : नीलाने वाचलं. लग्न प्रांजलीचं आहे, तुमच्या कवळीचं नाही, असं म्हणाली. तेव्हा वरची ओळ वाचू नकोस. पण 'दादाला जमत नसेल तर नंदकिशोर भावजी म्हणतील' असं तू तिला फोनवर म्हणालीस, ते मी ऐकलंय. तुझ्या दिराचा आवाज चांगला आहे, हेच तर माझं दुःख आहे. त्याला अजून काही सांगू नकोस.

ता. क. ३ : तोड सापडली! देवनहळ्ळीच्या त्या लग्नाच्या हॉलवर सनईवाले इथलेच असणार. मुहूर्ताला कोणी हात वर करून 'गट्टीमेळ' ओरडलं की ते सगळं एकदम दणदणून वाजवतात. त्यांना सांगून ठेव, मी 'कुर्यात्' म्हटलं की सुरू करा. पुढच्या सगळ्या शिट्ट्या त्यात बुडतील. हात तूच वर कर. मी मामा, पोरीच्या पाठीशी उभा असणार, आणि तेव्हा माझ्या तोंडून 'कुर्यात्' तरी फुटेल की नाही, ते काही दातांवर अवलंबून नाही.